परिघीय चेताविकार आणि चष्म्याची भिंगे

मेंदू व मज्जारज्जू यांच्या बाहेर पसरलेल्या चेतातंतूंना इजा झाल्याने होणाऱ्या विकारास परिघीय चेताविकार किंवा पेरिफेरल न्यूरोपथी म्हणतात. यात बहुधा पावलांची संवेदना प्रथम कमी होते. पायाखालच्या जमिनीची खबर मेंदूला अपुरी मिळू लागली, की चालताना तोल सांभाळण्याचे काम मोठ्या प्रमाणावर डोळ्यांकडे येते. त्यामुळे डोळ्यांपुढील भिंगांची शक्ती, त्यांतील वाचनाचा भाग, त्यांचा रंग आणि चष्म्याची चौकट या सर्वांचा अशा व्यक्तीच्या चालण्यावर थेट परिणाम होतो. बायफोकल भिंगातून पायरीची कड धूसर दिसणे ही निरोगी पायांच्या माणसाला लहानशी गैरसोय वाटते. पाय बधिर झालेल्या माणसाच्या बाबतीत तेच पडण्याचे कारण ठरू शकते.

कारणे आणि लक्षणे

परिघीय चेताविकाराचे सर्वांत मोठे कारण मधुमेह हे आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या व २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत भारतातील मधुमेहींची संख्या सुमारे १० कोटी १० लाख असल्याचा अंदाज मांडला गेला. त्याच पाहणीच्या २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्रातील प्रौढांमध्ये मधुमेहाचे प्रमाण ८.४ टक्के आढळले होते. मधुमेहाखेरीज ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, दीर्घकालीन मद्यपान, मूत्रपिंडाचे जुनाट आजार, कर्करोगावरील काही औषधे आणि कुष्ठरोग ही महत्त्वाची कारणे आहेत. ब-१२ ची कमतरता शाकाहारी लोकांत तसेच मेटफॉर्मिन हे मधुमेहाचे औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत अधिक आढळते. म्हणून एकाच व्यक्तीत दोन कारणे एकत्र येणे दुर्मीळ नाही.

तळव्यांना मुंग्या येणे, आग होणे, गादीवरून किंवा कापसावरून चालल्यासारखे वाटणे ही लक्षणे रुग्ण सहसा स्वतःहून सांगतात. चप्पल पायातून निसटली तरी न कळणे हे त्याहून बोलके लक्षण होय. तपासणीत १० ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून स्पर्श, आणि सेकंदाला १२८ कंपने देणारा चिमटा अंगठ्याच्या हाडावर ठेवून कंपसंवेदना पाहिली जाते. तोलाच्या दृष्टीने जाड चेतातंतूंची हानी सर्वांत महत्त्वाची असते, कारण सांध्यांच्या स्थितीची माहिती तेच वाहून नेतात. कुष्ठरोगात त्वचेतील चेता आधी बाधित होत असल्याने तळव्याचा स्पर्श जाऊनही सांध्यांची स्थितिसंवेदना बराच काळ शाबूत राहू शकते. मधुमेहात दोन्ही प्रकारची हानी एकत्र दिसू शकते.

तोलाची तीन साधने

उभे राहताना व चालताना शरीराचा तोल तीन मार्गांनी येणाऱ्या माहितीवर राखला जातो: पाय व सांध्यांतील संवेदना, आंतरकर्णातील तोलेंद्रिय आणि दृष्टी. तिन्ही मार्ग सुरू असताना त्यांपैकी एखाद्याने चुकीची माहिती दिली तर मेंदू इतर दोहोंशी ती ताडून पाहतो. एक मार्ग बंद पडला की ही पडताळणी दुबळी होते. हे जर्मन चेतावैद्य मोरिट्स हाइनरिख रॉम्बर्ग यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास नोंदवले. उपदंशामुळे मज्जारज्जूचा मागील भाग झिजलेले रुग्ण डोळे उघडे असताना उभे राहू शकत, पण डोळे मिटताच डोलू लागत. रॉम्बर्ग चाचणी आजही चेताविकाराच्या तपासणीत केली जाते. तोंड धुताना डोळे मिटले की पुढे झोक जातो, किंवा डोक्यावरून पाणी ओतताना न्हाणीत तोल जातो, अशी तक्रार म्हणजे या चाचणीचेच घरगुती रूप होय.

दृष्टी एकटीने किती भार उचलू शकते याचे टोकाचे उदाहरण इंग्लंडमधील इयान वॉटरमन यांचे आहे. १९७१ मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, एका आजारानंतर त्यांची मानेखालील स्पर्शाची व स्थितीची संवेदना नाहीशी झाली. स्नायूंची ताकद मात्र कायम होती. अवयवांकडे पाहत, प्रत्येक हालचाल जाणीवपूर्वक करत ते पुन्हा चालायला शिकले. परंतु दिवे गेले की ते कोसळत. जोनाथन कोल या चेतावैद्यांनी १९९१ च्या ग्रंथात त्यांचा वृत्तांत सविस्तर दिला आहे. सर्वसाधारण मधुमेहीची स्थिती एवढी बिकट नसते, पण दिशा तीच असते.

दृष्टीवर विसंबणे पूर्णपणे सुरक्षितही नाही. एडिनबरा विद्यापीठातील डेव्हिड ली व सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात अशी खोली तयार केली, की जिच्या भिंती हलत पण जमीन स्थिर राही. भिंती थोड्याशा सरकल्या तरी आत उभी असलेली प्रौढ माणसे डोलत आणि नुकतीच उभी राहू लागलेली मुले पडत. डोळ्यांना दिसलेली हालचाल खरी की भासमान, हे ठरवण्यास पायांची साक्ष लागते. चेताविकारात नेमकी तीच साक्ष उरत नाही. चष्म्यातून निर्माण होणारे भास म्हणूनच या रुग्णांना अधिक जाचतात.

भिंगांमुळे होणारे बदल

चष्म्याचे भिंग प्रतिमा स्पष्ट करते आणि त्याबरोबर तिचे आकारमानही बदलते. डोळ्यापासून १२ मिलिमीटर अंतरावर ठेवलेले +५ डायॉप्टरचे बहिर्गोल भिंग प्रतिमा सुमारे ६ टक्के मोठी करते, तर −५ चे अंतर्गोल भिंग जवळपास तितकीच लहान करते. जाड बहिर्गोल भिंगांत भिंगाच्या आकारामुळे त्यात आणखी भर पडते. मोठी दिसणारी वस्तू जवळ भासते आणि लहान दिसणारी दूर. ब्रॅडफर्ड विद्यापीठातील डेव्हिड इलियट व सहकाऱ्यांनी वृद्ध व्यक्तींना पायरी चढायला लावून केलेल्या प्रयोगांत हा परिणाम पावलांत उतरलेला दिसला: पायरी मोठी दिसल्यास पाय अधिक उंच उचलला जातो, लहान दिसल्यास कमी. दुसरा प्रकार अधिक धोक्याचा आहे, कारण त्यात अंगठा पायरीच्या कडेला अडकू शकतो. बधिर अंगठ्याला ती कड लागल्याचे वेळेवर कळतही नाही.

आकारमान बदलले की डोके व डोळे यांच्या हालचालींचा मेळही बिघडतो. डोके उजवीकडे वळले की डोळे आपोआप तितकेच डावीकडे वळतात आणि दृश्य स्थिर राहते. ही प्रतिक्षिप्त क्रिया आंतरकर्णावर अवलंबून असते. भिंगाने प्रतिमा ६ टक्के मोठी केली तर डोळ्यांनाही तेवढे जास्त वळावे लागते. तोपर्यंत प्रत्येक पावलागणिक दृश्य किंचित हलत राहते. सुदैवाने मेंदू ही क्रिया बदलून घेतो. १९७० च्या दशकात मॉन्ट्रियल येथे जेफ्री मेल्व्हिल जोन्स व सहकाऱ्यांनी डावे-उजवे उलटे दाखवणारे लोलक लोकांना दिवसेंदिवस घालायला दिले, तेव्हा या प्रतिक्षिप्त क्रियेची दिशासुद्धा बदलू लागल्याचे आढळले. साध्या चष्म्याची सवय होण्यास काही दिवस ते काही आठवडे पुरतात. वय वाढते तशी ही सवय हळू लागते. चष्मा सतत काढ-घाल करणाऱ्याला मेंदूची जुळणी दरवेळी नव्याने करावी लागते.

तिरक्या अक्षाच्या दंडगोल नंबरामुळे वेगळाच अनुभव येतो. प्रतिमा एका तिरक्या दिशेने अधिक ताणली जाते, आणि दोन्ही डोळ्यांतील ताण भिन्न असल्यास सपाट जमीन एका बाजूस उतरती भासते. निरोगी माणूस दोन पावले टाकतो, घोट्यातून जमीन सपाट असल्याची खात्री होते आणि भास मागे पडतो. घोट्यांतून खबर येत नसलेला रुग्ण त्या भासमान उताराला अनुसरून अंग कलते करतो.

बायफोकल आणि प्रोग्रेसिव्ह भिंगे

चाळिशी लागली की जवळचे वाचण्यासाठी वेगळा नंबर लागतो. दूरचा व जवळचा असे दोन्ही नंबर एकाच काचेत बसवण्याची कल्पना बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७८० च्या दशकातील पत्रव्यवहारात वर्णिली आहे. रेषा न दिसणारे प्रोग्रेसिव्ह भिंग बर्नार मेत्नाझ या फ्रेंच अभियंत्याने विकसित केले आणि ते १९५९ मध्ये व्हॅरिलक्स या नावाने बाजारात आले. भारतातील चष्म्याच्या दुकानांत बायफोकलचे दोन प्रकार प्रामुख्याने मिळतात: गोल खिडकीचे, क्रिप्टॉक या जुन्या नावावरून ‘केटी’ म्हटले जाणारे भिंग, आणि सपाट माथ्याच्या खिडकीचे ‘डी’ भिंग. केटी स्वस्त असल्याने त्याचा खप मोठा आहे.

या सर्व भिंगांत वाचनाचा भाग खाली असतो. पुस्तक खाली धरले जाते म्हणून ही रचना सोयीची आहे, पण जमीनही खालीच असते. वाचनाची वाढीव शक्ती +२.५० असेल तर त्या भागातून ४० सेंटीमीटरवरील वस्तू स्पष्ट दिसते. उभ्या माणसाच्या डोळ्यांपासून त्याच्या पावलापुढची पायरी सुमारे दीड मीटर दूर असते. तेवढ्या अंतरावर या भागातून सुमारे १.८ डायॉप्टर इतका धूसरपणा येतो. फरशीच्याच रंगाच्या पायरीची कड त्यात सहज हरवते.

धूसरपणाच्या जोडीला प्रतिमेची उडी असते. नजर वरच्या भागातून वाचनाच्या खिडकीत उतरताच लोलकाचा परिणाम एकदम सुरू होतो आणि खालील वस्तू वर सरकल्यासारखी दिसते. ही उडी किती, हे साध्या गुणाकाराने काढता येते. खिडकीच्या वरच्या कडेपासून तिच्या प्रकाशीय केंद्रापर्यंतचे सेंटीमीटरमधील अंतर वाढीव शक्तीने गुणले की उत्तर लोलक-डायॉप्टरमध्ये मिळते, आणि एक लोलक-डायॉप्टर म्हणजे एक मीटर अंतरावर एक सेंटीमीटरचे विस्थापन. केटी भिंगाची गोल खिडकी २२ मिलिमीटर व्यासाची असल्यास तिचे केंद्र कडेपासून ११ मिलिमीटर खाली येते. म्हणजे +२.५० साठी उडी २.७५ लोलक-डायॉप्टर, आणि दीड मीटरवरील पायरी सुमारे ४ सेंटीमीटर सरकलेली. डी भिंगात केंद्र वरच्या कडेपासून साधारण ५ मिलिमीटरवर असल्याने हीच उडी निम्म्याहून कमी होते. घरातील पायरीची उंची १५ ते १८ सेंटीमीटर असते हे ध्यानात घेता ४ सेंटीमीटर ही क्षुल्लक बाब नव्हे.

प्रोग्रेसिव्ह भिंगात उडी नसते, कारण शक्ती वरून खाली हळूहळू वाढत जाते. पण त्याची किंमत बाजूला मोजावी लागते. मधल्या अरुंद पट्ट्याच्या दोन्ही अंगांना अनावश्यक दृष्टिवैषम्य निर्माण होते. गुंटर मिंकविट्झ यांनी १९६३ मध्ये गणिताने दाखवले, की मधल्या रेषेवर शक्ती ज्या वेगाने वाढते त्याच्या दुप्पट वेगाने हे वैषम्य बाजूला वाढते. भिंगनिर्मात्याला हा दोष भिंगावर इकडून तिकडे हलवता येतो, नाहीसा करता येत नाही. मान वळवताना कडेची दृश्ये तरंगल्यासारखी वाटतात ती यामुळेच.

सिडनी येथील स्टीफन लॉर्ड व सहकाऱ्यांनी २००२ मध्ये ६३ ते ९० वर्षे वयाच्या १५६ व्यक्तींचा अभ्यास प्रसिद्ध केला. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह वापरणाऱ्यांना खालच्या भागातून पाहताना खोलीचा अंदाज व कडांमधील फरक कमी कळत होता, आणि वर्षभरात त्यांची पडण्याची शक्यता इतरांच्या दुपटीहून अधिक होती. पुढे न्यू साउथ वेल्समध्ये अशी भिंगे वापरणाऱ्या ६०६ वृद्धांची चाचणी झाली व ती २०१० मध्ये प्रसिद्ध झाली. निम्म्या लोकांना बाहेर चालण्यासाठी केवळ दूरच्या नंबराचा वेगळा चष्मा देण्यात आला. जे नियमितपणे घराबाहेर वावरत त्यांच्यातील पडण्याचे प्रमाण सुमारे ४० टक्क्यांनी घटले. जे क्वचितच बाहेर पडत त्यांच्यात मात्र बाहेर पडण्याच्या घटना उलट वाढल्या. आयुष्यभराची सवय मोडून दोन चष्म्यांची अदलाबदल करणे सर्वांना मानवत नाही, असा याचा अर्थ लावला जातो. हे अभ्यास सर्वसाधारण वृद्धांचे आहेत. चेताविकाराच्या रुग्णाला त्यांचे निष्कर्ष लावताना त्याचे दृष्टीवरील अवलंबित्व अधिक आहे हे लक्षात घ्यावे लागते. चालण्यासाठी एकाच नंबराचा चष्मा हा सल्ला बाहेर फिरणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत बळकट ठरतो. घरातल्या घरात वावरणाऱ्या आणि जुन्या बायफोकलला सरावलेल्या रुग्णाचा चष्मा बदलण्यात घाई करणे योग्य नाही.

नवा नंबर

अचूक नंबर म्हणजे सुरक्षित चाल, हे समीकरण दिसते तितके सरळ नाही. सिडनीमध्येच ७० वर्षांवरील ६१६ व्यक्तींवर झालेल्या व २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, ज्यांची नेत्रतपासणी करून गरजेनुसार नवे चष्मे व इतर उपचार देण्यात आले त्यांच्यापैकी ६५ टक्के लोक वर्षभरात पडले. ज्यांना काहीच दिले नाही त्यांच्यातील प्रमाण ५० टक्के होते. नंबरातील मोठा बदल एकदम अंगावर आल्याने असे घडले असावे, असे स्पष्टीकरण संशोधकांनी सुचवले. तेव्हापासून अशक्त व वृद्ध व्यक्तींचा नंबर एका वेळी ०.७५ डायॉप्टरहून अधिक बदलू नये, दंडगोल नंबराचा अक्ष शक्यतो फारसा फिरवू नये आणि भिंगाचा प्रकार बदलू नये, अशी शिफारस इलियट यांच्यासह अनेक दृष्टितज्ज्ञ करतात.

मधुमेहात आणखी एक अडचण असते. रक्तातील साखर वाढलेली असताना डोळ्यातील नैसर्गिक भिंगाची वक्रता व अपवर्तन बदलते आणि बहुधा दूरचे धूसर होते. उपचाराने साखर उतरू लागली की नंबर उलट दिशेने सरकतो. या काळात काढलेला नंबर काही आठवड्यांत निरुपयोगी ठरतो. म्हणून साखर काही आठवडे स्थिर राहिल्यावरच चष्मा करणे हिताचे असते. आठवडी बाजारात मिळणारे तयार चाळिशीचे चष्मे वाचनापुरते चालतात. ते नाकावर ठेवून चालणे मात्र संपूर्ण काच वाचनाची असल्याने बायफोकलहूनही वाईट.

मोतीबिंदू

कृत्रिम भिंग बसवण्याची पद्धत रूढ होण्यापूर्वी मोतीबिंदू काढलेल्या रुग्णास +१० डायॉप्टरच्या आसपासचा जाड चष्मा दिला जाई. ग्रामीण महाराष्ट्रातील नेत्रशिबिरांतून दृष्टी परत मिळालेल्या एका संपूर्ण पिढीने तो वापरला. त्यातून वस्तू पाव पटीने किंवा त्याहूनही मोठ्या दिसत. काचेच्या कडेभोवती कड्यासारखा एक पट्टा अदृश्य राही, आणि त्यातून माणसे वा गुरे अचानक प्रकट झाल्यासारखी वाटत. जागतिक बँकेच्या साहाय्याने १९९४ ते २००२ या काळात महाराष्ट्रासह सात राज्यांत राबवलेल्या मोतीबिंदू प्रकल्पानंतर डोळ्यात भिंग बसवणे सर्वसामान्य झाले आणि जाड चष्मे मागे पडले.

मोतीबिंदूची शस्त्रक्रिया पडणे कमी करते, याचा पुरावा चष्म्यांविषयीच्या पुराव्यापेक्षा स्वच्छ आहे. नॉटिंगहॅम येथे ७० वर्षांवरील ३०६ स्त्रियांच्या चाचणीत, ज्यांच्या पहिल्या डोळ्याची शस्त्रक्रिया लवकर झाली त्यांच्यात पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी कमी आढळले. बधिर पाय आणि मोतीबिंदू एकत्र येण्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण कुष्ठरुग्णांचे आहे. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ १९४९ मध्ये स्थापन केलेल्या आनंदवनात डॉ. तात्याराव लहाने यांनी मोतीबिंदू शस्त्रक्रियेची शिबिरे घेतली. ज्यांच्या तळव्यांना दगड-काटा कळत नाही त्यांच्यासाठी दिसू लागणे हे वाचनाइतकेच पावलांच्या रक्षणासाठी मोलाचे असते.

एका डोळ्याची शस्त्रक्रिया झाली आणि दुसऱ्याची व्हायची आहे, हा मधला काळ नाजूक असतो. दोन्ही डोळ्यांच्या नंबरांत ४ डायॉप्टरचा फरक पडला, तर काचेच्या केंद्राच्या एक सेंटीमीटर खालून पाहताना दोन प्रतिमा ४ लोलक-डायॉप्टरने वरखाली होतात. पायऱ्या उतरताना त्या दुहेरी दिसू शकतात. दुसरी शस्त्रक्रिया फार न लांबवणे हा यावरील सरळ उपाय.

प्रकाश, रंगीत काचा आणि चौकट

मधुमेहात स्वायत्त चेता बाधित झाल्या तर बाहुली अंधारात पुरेशी रुंदावत नाही, त्यामुळे मंद उजेडात डोळ्यात कमी प्रकाश शिरतो. दृष्टिपटलाच्या विकारासाठी विस्तृत लेझर उपचार झाले असल्यास कडेचे व रात्रीचे दिसणे आणखी घटते. अशा व्यक्तीला उन्हात काळ्या होणाऱ्या फोटोक्रोमिक काचा त्रासदायक ठरतात, कारण सावलीत आल्यावर त्या पुन्हा पारदर्शक व्हायला काही मिनिटे लागतात.

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग मानले जातात. बुलढाणा शहराजवळील देऊळघाटसारख्या घाटावरच्या गावात, किंवा वऱ्हाडातील कोणत्याही खेड्यात, उन्हाळ्याच्या दुपारी अंगणातून ओट्यावर आणि ओट्यावरून घरात जाणे म्हणजे प्रखर उजेडातून काळोखात शिरणे. दाराशी उंबरठा असतो, तो बहुधा जमिनीच्याच रंगाचा. बाहेरून आलेल्याने दारात थांबून, रंगीत चष्मा काढून, चौकटीला हात टेकून मग पाऊल उचलणे एवढ्यानेही धोका बराच कमी होतो. उंबरठ्याच्या व पायरीच्या कडेला चुन्याचा किंवा पिवळ्या रंगाचा पट्टा ओढल्यास धूसर काचेतूनही ती कड उठून दिसते. जोत्याच्या पायऱ्यांना नवा चष्मा देण्यापेक्षा हा उपाय स्वस्त आणि कित्येकदा अधिक गुणकारी आहे.

चौकटीचा विचार क्वचितच केला जातो. चालताना माणूस साधारण दोन पावले पुढे पाहतो आणि पायाजवळची जमीन नजरेच्या खालच्या कडेने टिपत असतो. जाड खालची कड आणि रुंद दांड्या नेमका तोच भाग झाकतात. नाकावरून घसरलेल्या चष्म्यात वाचनाची खिडकी खाली जाते खरी, पण भिंग डोळ्यापासून दूर गेल्याने बहिर्गोल नंबर वाढल्यासारखा होतो. वाचनाच्या भागातून जमीन दिसू नये म्हणून मान खूप वाकवून चालणेही बरे नव्हे. त्यात डोक्याची स्थिती बदलून आंतरकर्णाकडून येणारी माहिती अपरिचित होते.

स्पर्शाचा आधार

पायांतून जाणारी संवेदना हातांतून काही अंशी भरून काढता येते. जेम्स लॅकनर व जॉन जेका यांनी १९९४ मध्ये दाखवले, की बोटाचे टोक स्थिर पृष्ठभागाला अगदी हलके, भार न देता टेकवले तरी शरीराचे डोलणे कमी होते. मिशिगन विद्यापीठातील जेम्स रिचर्डसन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये परिघीय चेताविकाराच्या रुग्णांना मंद प्रकाशात खडबडीत जमिनीवरून चालायला लावले, तेव्हा काठी, घोट्याचा आधारपट्टा किंवा भिंतीचा स्पर्श यांपैकी कोणत्याही साधनाने चाल अधिक नियमित झाली. काठी येथे वजन पेलण्याच्या जोडीला जमिनीची खबर हाताला देते. कुष्ठरोगात हातही बधिर असल्यास हा मार्ग अरुंद होतो.

पादत्राणांत एक पेच आहे. जखमा टाळण्यासाठी दिल्या जाणाऱ्या मऊ एमसीआर चपला तळव्याचे रक्षण करतात, पण जाड मऊ तळामुळे जमिनीचा उरलासुरला अंदाजही पुसट होतो. जखमेचा धोका असलेल्या पायाला त्या सोडता येत नाहीत. मागे पट्टा असलेली, पायात घट्ट बसणारी चप्पल निवडणे आणि चष्म्याचा नंबर, चालण्याचे अंतर व घरातील उजेड यांचा विचार एकाच भेटीत करणे, ही अशा रुग्णांच्या बाबतीत नेत्रतज्ज्ञ व मधुमेहतज्ज्ञ यांची संयुक्त जबाबदारी मानली जाते.